मवाळ म्हणजे सॉफ्ट नव्हे

शुगर लँडला राहायला आल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात माझी खात्री पटली की आता मी घरात बसून वेडी होणार. म्हणून ह्यूस्टनच्या एका युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. नागपूरला एक एम.ए. झालंच होतं, पण इथे ते कोणी विचारत नव्हतं. नवरा तेलकंपनीत इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि बाहेर असला दमट उकाडा की गाडीपर्यंत चालत गेलं तरी ब्लाउज पाठीला चिकटायचा. मी मात्र थंडगार लायब्ररीत, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मजेत होते.

थीसिससाठी मी एक इंग्रज खासदार निवडला. त्याचं नाव इथे देत नाही. थीसिस लिहिताना सांगायचे तेव्हाही ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. राजाने पार्लमेंटला न विचारता कर लावले तेव्हा हा राजाच्या विरोधात उभा राहिला. मग यादवी पेटली. हा पार्लमेंटच्याच बाजूने राहिला, पण सतत एकच तुणतुणं वाजवत होता: राजाशी बोला, तह करा. राजाची माणसं त्याला फितूर म्हणायची, आणि त्याची स्वतःची माणसंही फितूरच म्हणायची. शेवटी जिंकलेल्या सैन्याने राजाचा निकाल लावायचं ठरवलं, तेव्हा याला सभागृहाच्या दारातच अडवून घरी पाठवलं. पुढे तो गावी आपली शेती बघत राहिला. जो तो देवाचं नाव घेऊन तलवार उपसत होता आणि हा पठ्ठ्या ठरावांना दुरुस्त्या सुचवत होता. मला तो भयंकर आवडला.

घोळ झाला तो एका शब्दामुळे. शाळेत आम्ही जहाल आणि मवाळ घोकून मोठे झालेलो. मवाळ म्हणजे सनदशीर मार्गाने जाणारा, चिवट, शहाणा माणूस, हे माझ्या डोक्यात पक्कं. 'मॉडरेट' हा शब्द मला येत नव्हता असं नाही. पण लिहिण्याच्या भरात डोक्यात 'मवाळ' यायचं आणि हात 'सॉफ्ट' लिहून मोकळा व्हायचा. सॉफ्ट गट, सॉफ्ट राजकारण, आणि एके ठिकाणी तर चक्क 'अ सॉफ्ट मॅन'! माझे गाईड भले गृहस्थ, निवृत्तीला आलेले. त्यांना वाटलं, ही माझी खास शैली असावी.

गाईड धरून तिघांची समिती थीसिस तपासणार होती. तिच्यातल्या दुसऱ्या प्राध्यापकांना तसं वाटलं नाही. हे अस्सल टेक्सन, काउबॉय बूट घालून वर्गात येणारे. त्यांची हयात त्या विजयी सैन्यातल्या कडव्या लोकांवर लिहिण्यात गेलेली. त्यांनी प्रत्येक 'सॉफ्ट'खाली लाल रेघ ओढली आणि निरोप दिला: हा माणूस मऊ होता हे तुम्हीच म्हणताय. मग शेवटी तसं स्पष्ट लिहा, की तो कचखाऊ होता आणि म्हणून हरला. एवढं एक वाक्य घाला, मी सही करतो. नाहीतर सगळं पुन्हा लिहा.

पुन्हा लिहायला वेळ कुठे होता? नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं आणि त्याला व्हर्जिनियात, हर्नडनला दुसरी नोकरी मिळाली होती. जूनमध्ये घर हलणार होतं. आत्ता सही झाली नाही, तर डिग्री गेलीच.

"अगं, एक सेंटेन्स तर ॲड करायचंय," नवरा म्हणाला. "कर आणि पेपर्स सबमिट करून टाक ना!"

"नाही करणार. खोटं आहे ते."

"मवाळाची बाजू घेता घेता तू कसली जहाल झालीस यार!"

स्वतःच्या विनोदावर तो खूप हसला. मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. गाईडनीही फोन करून हळूच सुचवलं, थोडं जुळवून घेतलंत तर? मग तर मी आणखीच पेटले.

तोंडी परीक्षेला मी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. 'सॉफ्ट' हा शब्द चुकीचा आहे, तो काढते, हे आधीच सांगून टाकलं. वाक्य मात्र घालणार नाही म्हटलं.

"पण तो कधी या बाजूला, कधी त्या बाजूला," बूटवाले म्हणाले. "आज राजाविरुद्ध, उद्या सैन्याविरुद्ध."

मी उठले, खडू घेतला आणि फळ्यापुढच्या फरशीवर रेघ ओढली. अलीकडे मळा, पलीकडे तळं. नियम सांगितले आणि समितीतल्या तिघांनाही मळ्यात उभं केलं. बिचारे मुकाट्याने उभे राहिले. "तळ्यात!" मी ओरडले. तिघांनी उडी मारली. "मळ्यात!" तिघे परत. "मळ्यात!" मी आवाज चढवून ओरडले. बूटवाल्यांनी जोरात पलीकडे उडी घेतली आणि भेलकांडले.

"आउट," मी म्हटलं. "ओरडणाऱ्याचा आवाज चढला म्हणून तुम्ही उडी मारलीत. माझा माणूस जिथे होता तिथेच उभा होता. राजा हवा, पण कायद्याखाली हवा, हे तो पहिल्या दिवशी म्हणाला आणि शेवटच्या दिवशीही तेच म्हणाला. उड्या बाकीच्यांनी मारल्या."

गाईड खुदकन हसले. बूटवाले हसले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी श्वास घेतला.

"शेवटचा प्रश्न. आज तुमच्या जागी तो असता आणि एका वाक्याच्या बदल्यात मी सही देऊ केली असती, तर त्याने काय केलं असतं?"

मी मनातल्या मनात चरफडले. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते माझ्या विरोधात जात होतं.

"वाक्य घातलं असतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही का नाही घालत?"

"त्याच्या काळी तो अडून बसला असता तर लढाईत माणसं मेली असती. माझ्या अडून बसण्याने कोणी मरत नाही, फार तर मी नापास होईन. म्हणून त्याने नमतं घेतलं असतं, आणि मी घेणार नाही."

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

"मला अजूनही तो पटत नाही," ते म्हणाले.

"हरकत नाही," मी म्हटलं.

पार्किंग लॉटमध्ये गाडीची भट्टी झाली होती. दार उघडं टाकून मी सीटवर बसले आणि मला हुंदकाच फुटला. डिग्रीचा आनंद होताच, पण रडू आलं ते माझ्या त्या खासदारासाठी. त्याचं म्हणणं न पटणाऱ्या एका माणसाने आज ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं, आणि तो हयात असताना असं एकदाही झालं नव्हतं.