खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

आमच्या प्रयोगशाळेतली खंडेनवमीची पूजा दरवर्षी मीच करायचे. सातपूरच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रं थांबवून, पुसून, हळदकुंकू वाहून झेंडूचे हार घालतात, तशीच आमच्याकडेही पद्धत. तपासणीची यंत्रं, तराजू, फ्रिज, सगळ्यांना एक दिवस विश्रांती. पीएच.डी. करणारी बाई तराजूला कुंकू लावते म्हणून कोणी हसलं, तर मी सरळ भांडायचे. चालू यंत्राला हार घालायचा नाही, हे आईने मला तिच्या शिवणयंत्रापाशी शिकवलं होतं आणि मी ते कधी मोडलं नव्हतं.

गेल्या खंडेनवमीला कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालू होता. माझे तीन हंगाम त्यात होते. निफाडजवळच्या दोन बागांतून फवारणीनंतर दर चार दिवसांनी द्राक्षं आणायची, वाटायची, गाळायची, यंत्रात घालायची आणि औषधाचा अंश किती उरला ते बघायचं, हे माझं संशोधन. यंत्र आपले आकडे थेट त्या कॉम्प्युटरला देत असे. त्या आठवड्यात तिथलं सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं चाललं होतं. आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या सहकाऱ्याने स्क्रीनवर चिठ्ठीही चिकटवली होती, बंद करू नका म्हणून.

चिठ्ठी मी वाचली होती. वाचली नाही असं म्हणायची सोय नाही. कालपासून चाललंय, एव्हाना झालं असेल, असं स्वतःशीच म्हणत मी ती काढली, स्क्रीन पुसली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि हार घातला. मग सगळ्यांना पेढे दिले.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर तो कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून नुसती टकटक. नव्या सर्व्हरवर माझ्या फायलींची नावं ओळीने दिसत होती, बागेप्रमाणे, तारखेप्रमाणे, माझ्याच शिस्तीत. उघडली की आत काही नाही. नावं आधी जातात, मजकूर मागून जातो, असं सहकाऱ्याने हळू आवाजात समजावलं. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला सहन होईना. वेगळ्या डिस्कवर एक प्रत असायची. नव्या व्यवस्थेसाठी ती डिस्क महिनाभरापूर्वी रिकामी केली होती. संमती माझीच होती.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क, आतलं काही परत मिळतंय का बघायला, पुण्याला पाठवली. पंधरा दिवस मी फोन उशाशी घेऊन काढले. शेवटी काही निघत नाही असं उत्तर आलं. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं की विद्यापीठाची मुदत आता वाढणार नाही. पुन्हा सुरुवात करू म्हटलं तर दोनपैकी एक बाग मालकाने मुळासकट काढून टाकली होती. इंदिरानगरच्या घरी मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. होईल काहीतरी, असं नवरा म्हणाला तर त्याच्यावर खेकसले. काय होणार होतं? मी पार खचले होते, आणि ज्याला शिव्या द्याव्यात असं दुसरं कोणीच सापडत नव्हतं.

अशात एकदा डबा उघडता उघडता मला काका आठवले. काका म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. यंत्राने दाखवलेला प्रत्येक आकडा ते पेन्सिलीने एका लांब वहीत उतरवून घ्यायचे. मी त्यांना चिडवायचे, यंत्र स्वतः लिहितंय काका, तुम्ही कशाला बोटं झिजवता. डबा तसाच टाकून मी गाडी काढली.

निफाडच्या पुढे त्यांचं घर. वाटेत दोन्ही बाजूंनी छाटणी चालली होती, नवा हंगाम सुरू झाला होता, आणि मला तिकडे बघवत नव्हतं. काकांनी आधी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणून माझ्यापुढे ठेवली. कार्यालयात कोणाला नको होती म्हणून निवृत्तीच्या वेळी विचारून घरी आणली होती म्हणे.

पहिला हंगाम पूर्ण होता. कॉम्प्युटरने कधी लिहिलं नसतं तेही होतं. बाटली तडकलेली, हा आकडा धरू नये. काल पाऊस, मणी ओले आले. मी भराभर पानं उलटत होते. तीन हंगाम, मी मनात म्हणत होते, तीनही असू देत. दुसऱ्या हंगामाची आठ पानं झाली आणि पुढे कोरं लागलं. दोन पानं एकदम उलटली गेली असतील म्हणून मी बोट ओलं करून पुन्हा मागे गेले. कोरंच होतं.

"पुढची वही कुठंय, काका?"

"पुढची नाय, ताई," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी वही स्वतःकडे ओढली, लिहिलेलं शेवटचं पान उघडलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. "तुमीच सांगितलं व्हतं ना."

आकड्यांच्या खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: मॅडमच्या सांगण्यावरून आजपासून वहीत लिहिणे बंद. त्याखाली माझी सही होती, आणि सहीशेजारी गंमत म्हणून मी एक हसरा चेहरा काढला होता.