सहाशे अकरा डोळे

वसुंधरा समेळ हसायला लागली की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नसे. लग्नात अंतरपाट धरलेला असताना ती हसली होती, कारण भटजींच्या कानात अक्षता अडकल्या होत्या आणि दर 'सावधान'ला त्यातली एकेक खाली पडत होती. मस्कतला पहिल्यांदा उतरली तेव्हा विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टवरचा गंभीर फोटो आणि समोरची बाई दोनदोनदा ताडून बघत होता. तो बिचारा जितका गंभीर होत गेला तितकी ही जास्त हसत गेली. शेवटी धनंजयने पलीकडून हात जोडले तेव्हा कुठे शिक्का पडला. त्याला आता चोवीस वर्षं झाली. मस्कतच्या हमरिया भागात तिच्या इमारतीतला पाण्याच्या टाकीवाला, खालचा भाजीवाला आणि समोरच्या घरातली मलबारी म्हातारी तिला नावाने ओळखत नसत, हसण्याने ओळखत.

ही बाई पेणची, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पेणमध्ये तिच्या माहेरचा गणपतीचा कारखाना होता आणि तेरा वर्षं ती त्यात रंगकाम करत होती, हे फक्त धनंजयला माहीत होतं, आणि तोही ते विसरला होता. नवऱ्यांचं असंच असतं.

धनंजय सुतार माणूस. मस्कतमध्येच वादी कबीरला एका वर्कशॉपमध्ये तो इमारतींची छोटी मॉडेलं बनवायचा. अजून न बांधलेले व्हिला, मॉल आणि हॉटेलं, टेबलावर मावतील अशी. वर्कशॉप सांभाळायचा रत्नागिरीचा अमीन. त्या वर्षी अझैब्यात राहणारी डोइना नावाची एक रोमानियन आर्किटेक्ट बाई एक भलंमोठं काम घेऊन आली. तिच्या गावाचं, सिबिऊचं, जुनं शहर अख्खंच्या अख्खं बनवायचं होतं. मस्कतमधल्या रोमानियन लोकांनी एका हॉटेलात प्रदर्शन ठेवलं होतं, आणि मधोमध हे शहर मांडायचं होतं.

धनंजय त्या शहराच्या प्रेमातच पडला. घरी जेवताना सिबिऊ, झोपताना सिबिऊ. मोठा चौक, छोटा चौक, दोन्हींच्या मध्ये नगरसभेचा मनोरा. उंच चर्च, त्याच्या शिखराच्या चार कोपऱ्यांत चार छोटी शिखरं. वरच्या गावातून खालच्या गावात उतरणारे पायऱ्यांचे बोळ. एक लोखंडी पूल होता, त्याला तिथे लबाडांचा पूल म्हणतात. त्यावर उभं राहून खोटं बोललं तर पूल कोसळतो म्हणे. पण धनंजयला वेड लागलं ते तटबंदीचं. त्या तटाला सुतारांचा वेगळा बुरूज, आणि त्याच्या शेजारी कुंभारांचा वेगळा. ज्या जातीचा कारागीर त्याने आपला बुरूज बांधायचा, राखायचा, आणि शत्रू आला तर तिथूनच लढायचं. "म्हणजे आपले बलुतेदारच की," असं म्हणून त्याने दोन दिवस सुतारांच्या बुरुजावर इतका पॉलिश पेपर घासला की अमीनने त्याला हात धरून उठवलं.

पंचाईत झाली ती रंगाची. वर्कशॉपचा पेंटर गुलजार बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. धनंजय घरी फोनवर बोलत असताना अमीनने मागून विचारलं, वहिनी रांगोळ्या काढतात, त्यांना कौलं रंगवता येतील का? धनंजयने तोंड उघडायच्या आत वसुंधरेने फोनवरूनच हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्यांचा डबा, दोन ब्रश आणि जुनी साडी फाडून केलेली फडकी घेऊन वादी कबीरला हजर.

तीन आठवडे तिने छपरं रंगवली. लाल, विटकरी, शेवाळलेलं तपकिरी. एकही कौल शेजारच्यासारखं नाही. अमीन येऊन बघायचा आणि चहा मागवायचा. वसुंधरा आणि धनंजय टेबलाच्या दोन टोकांना बसून काम करायचे आणि मध्येच काहीतरी होऊन दोघं हसत सुटायचे. एकदा धनंजयने लबाडांच्या पुलाला गोंद लावताना अमीनला विचारलं की हे किती दिवसांत संपेल, आणि अमीन पुलावर हात ठेवून म्हणाला, इन्शाल्ला परवा. वसुंधरा इतकी हसली की छोट्या चौकावर रंगाचा ठिपका पडला. तो पुढे तिने कबुतर करून टाकला.

त्या गावाच्या घरांना डोळे आहेत. खरोखरचे. उतरत्या छपरांत माळ्याला वारा यावा म्हणून कौलांचा उंचवटा करून आत लांबट फट ठेवलेली असते, आणि खाली रस्त्यात उभं राहिलं की अर्धवट मिटलेल्या पापणीखालून घर आपल्याकडे बघतंय असं वाटतं. धनंजयने पुट्टीच्या सगळ्या पापण्या करून ठेवल्या होत्या, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. मोजल्या तर सहाशे अकरा निघाल्या. सम संख्या कशी नाही, म्हणून त्याने परत मोजल्या. तेव्हा कळलं, एका घराला पाच डोळे होते. वसुंधरेने सगळी कौलं रंगवली, भिंती, खिडक्या, दारं रंगवली. पापण्यांखालच्या फटी मात्र तिने कोऱ्या पांढऱ्या ठेवल्या.

प्रदर्शन रविवारी होतं. गुरुवारी दुपारी डोइना बघायला आली आणि दारातच थबकली. टेबलावर तिचं सगळं गाव होतं, आणि ते आंधळं होतं. सहाशे अकरा पांढरेफटक डोळे. ती घाबरून इंग्रजीत भराभरा बोलायला लागली, अमीन घाबरून हिंदीत बोलायला लागला, आणि वसुंधरा, सवयीप्रमाणे, हसायला लागली. मग तोंडावर पदर धरून तिने सांगितलं की डोळे शेवटी असतात. आधी सगळं अंग पुरं करायचं, दागिने, वस्त्रं, हातापायांची नखं, अगदी उंदराची शेपटी, आणि मग सगळ्यात शेवटी डोळे. आधी डोळे काढले तर अर्धवट मूर्ती बघायला लागते, ते बरं नाही. अमीनने हे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मूर्तीचा काय संबंध, हे डोइनाला कळेना. अमीनलाही ते नीट सांगता येईना.

अमीन व्यवहारी माणूस. त्याने लगेच तोडगा काढला. शेजारच्या छापखान्यातून डोळ्यांचे काळे स्टिकर कापून आणायचे, चिमट्याने चिकटवायचे, खलास. एकसारखे, स्वच्छ, आणि दोन तासांचं काम. डोइनाने मान हलवली. धनंजयनेही हलवली; त्यालाही वाटलं, बरं झालं, बायकोचे डोळे वाचले.

"नाही," वसुंधरा म्हणाली. "डोळे मी काढणार."

ती हसत नव्हती. म्हणून धनंजयने तिच्याकडे नीट बघितलं.

पेणच्या त्या कारखान्यात वर्षाला हजारभर मूर्ती व्हायच्या. आई, दोन्ही काकू आणि वसुंधरा मिळून सोवळ्यांचे काठ, मुकुटाचे मणी, सोंडेवरची नक्षी आणि उंदरांच्या शेपट्या रंगवायच्या. वसुंधरेच्या हातून उंदरांच्या इतक्या शेपट्या झाल्या होत्या की त्या एकापुढे एक ठेवल्या तर खोपोलीपर्यंत गेल्या असत्या. पण डोळे काढायला तिचे वडील, अण्णा, बसायचे. अण्णांनंतर तिचा भाऊ. डोळ्याला बाईचा हात नको, हा त्यांचा नियम होता आणि त्याला कारण नव्हतं. पंधरा वर्षांची असताना एका दुपारी अण्णा जेवायला गेले तेव्हा वसुंधरेने एका वीतभर उंचीच्या मूर्तीचे डोळे काढले. श्वास धरून, एकेका फटकाऱ्यात. चांगले झाले होते. तिला आजही माहीत आहे की ते चांगले झाले होते. अण्णा आले. त्यांनी मूर्ती उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग ओलं फडकं घेऊन डोळे पुसले आणि स्वतः परत काढले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिने ते केव्हाच हसण्यावारी नेलं असतं.

हे तिने धनंजयला त्या रात्री जेवताना सांगितलं, पहिल्यांदाच, भात वाढता वाढता. धनंजयचा घास हातातच राहिला. तेरा वर्षं कारखान्यात, चोवीस वर्षं संसारात, आणि आपण हिला घरातल्या रांगोळीपलीकडे काही रंगवायला दिलं नाही, हे त्याला त्या क्षणी समजलं. तो काही गोड बोलणाऱ्यातला नव्हता. त्याने उठून अमीनला फोन लावला आणि सांगितलं की शनिवारी दुपारपर्यंत वर्कशॉपची किल्ली माझ्याकडे राहील. अमीन बरं म्हणाला, पण स्टिकरही कापून आणून ठेवले. शनिवारी डोइना बाई येतील आणि काय ठेवायचं ते त्याच ठरवतील, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी वसुंधरा शून्य नंबरचा, सगळ्यात बारीक ब्रश घेऊन चर्चच्या मागच्या गल्लीतल्या पहिल्या छपरासमोर बसली आणि तिला हसू फुटलं. घाबरली की ती हसायचीच, आणि हसली की हात हलायचा. तांदळाएवढ्या डोळ्यात हात हलला की घर काणं होणार. तिने ब्रश ठेवला, पाणी प्याली, परत बसली, आणि समोर धनंजयचा काळजीने लांबलेला चेहरा बघून परत फुटली. शेवटी तिने नवऱ्याला बाहेर काढलं. तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे जाऊन बसला आणि दर अर्ध्या तासाने काचेतून डोकावून, ही हसतेय की काढतेय, ते बघत राहिला.

ती काढत होती. पहिला डोळा झाला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. दुसरा, पाचवा, चाळीसावा. श्वास आत, फटकारा, श्वास बाहेर. मोठ्या चौकातले झाले, पायऱ्यांच्या बोळातले झाले, सुतारांच्या बुरुजाजवळची रांग झाली. तिला आपण कधी जेवलो ते आठवेना. तिला इतका आनंद झाला होता की मान दुखतेय हेही संध्याकाळी उठताना कळलं. शनिवारी सकाळी सात वाजता ती परत तिथेच. बारा वाजता, दारात डोइनाची गाडी लागली तेव्हा, एकच डोळा उरला होता.

डोइना आत आली आणि अमीन स्टिकरचा कागद घेऊन तिच्या मागे. दोघं टेबलाजवळ थांबले. वसुंधरेनेही पहिल्यांदाच मागे सरून अख्खं गाव एकदम बघितलं, आणि हातातला ब्रश पाठीमागे लपवला. तिने फटी काढल्याच नव्हत्या. तिने गणपतीचे डोळे काढले होते. खालची कड सरळ, वरची कमानदार, मधोमध बुबुळ आणि त्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. भक्त कुठेही उभा राहिला तरी मूर्तीने त्याच्याकडेच बघावं, तसे सहाशे दहा डोळे समोरच्या माणसाकडे प्रसन्नपणे बघत होते. युरोपातलं आठशे वर्षांचं शहर, आणि सगळं मिळून आता नैवेद्याची वाट बघतंय असं दिसत होतं. हात आपल्या मनाने चालला होता आणि तिला पत्ताच नव्हता.

डोइना टेबलाला वळसा घालून गेली. डोळे तिच्याबरोबर फिरले. ती परत उलटी आली, डोळे परत आले. मग ती हळूहळू सांगायला लागली की खरे डोळे असे नसतात. ते तिरके असतात, संशयी. लहानपणी तिला वाटायचं की घरं चहाड्या करतात; ती त्या गल्ल्यांतून पळत जायची. अमीनने स्टिकरचा कागद पुढे केला.

डोइनाने तो घेतला नाही. तिने फोन काढून सिबिऊला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हातात धरून तिला आपल्या गावातून फिरवून आणलं. म्हातारी बोलायला लागली ती थांबेना. प्रत्येक कोपऱ्यावर कुणाचं तरी नाव घेत होती. उरलेल्या पांढऱ्या डोळ्यापाशी फोन आला तेव्हा ती काहीतरी बोलली आणि डोइना खुर्चीवर बसून हसायला लागली. ते घर तिच्या आईच्या शेजारणीचं होतं. चाळीस वर्षं ती बया खिडकीतून सगळ्या गल्लीवर नजर ठेवून आहे, तिला आणखी डोळा कशाला देता, असं आई म्हणत होती. हे ऐकून अमीनने स्टिकरचा कागद घडी करून खिशात घातला आणि तोही हसला, काचेबाहेर उभा असलेला धनंजय आत येऊन काय झालं ते न कळता हसला, आणि वसुंधरेचं तर विचारूच नका. त्या हसण्यातच तिने वाकून तो शेवटचा डोळा काढला. हात हलला आणि डोळा झाला तिरका, चांगला संशयी. शेजारणीला अगदी शोभणारा.

मग म्हातारीने काहीतरी विचारलं. डोइनाने सांगितलं, हे डोळे कुणी काढले असं विचारतेय. अमीन सवयीने पुढे सरसावून वर्कशॉपचं नाव सांगायला लागला. धनंजयने त्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं. डोइनाने फोन वसुंधरेच्या हातात दिला. छोट्याशा पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई चष्मा वर करून तिच्याकडे बघत होती.

"मी काढले," वसुंधरा मराठीत म्हणाली. "सगळे मी काढले."

म्हातारीला एक अक्षर कळलं नसणार, पण तिने दोनदा मान डोलावली. आणि वसुंधरा त्या फोनपुढे उभ्या उभ्या रडायला लागली. धनंजय तिथेच गोंधळून उभा राहिला. चोवीस वर्षांत बायकोला हसताना कसं सांभाळायचं तेवढंच तो शिकला होता. ती रडली तर काय करायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने घाबरून टेबलावरचं रंगाचं फडकं उचललं आणि तिचे डोळे पुसले, आणि तिच्या दोन्ही गालांवर सिबिऊची लाल कौलं उमटली.