तळ्याचं पाणी टेकाडावर

आईनं तळ्यातून घागरी वाहून टेकाडावरची चिकूची मोठी बाग जगवली. यंदा माझ्या धाकट्या बहिणीनं, सुमननं, तळ्यावर पंप बसवला. बटण दाबलं, पंप घरघरला, पण पाणी काही येईना.

"पाइपचं तोंड गाळात रुतलंय," म्हणत ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पाणी आपलं उताराकडेच धावायचं. त्याला वर न्यायचं तर कुणाला तरी आधी खाली उतरावं लागतं, हे मी काठावर उभा राहून पाहत होतो.

तिनं पुन्हा पंप लावला. थोड्या वेळानं वरून आईची हाक आली, "आलं गं! शेवटच्या झाडापर्यंत आलं!"

आई धापा टाकत खाली आली. चिखलानं माखलेल्या सुमनला जवळ घेत मला म्हणाली, "सगळ्या आळीला बोलाव. माझ्या लेकीनं काय केलंय ते बघू देत."