अहो आणि अगं

आज नागपूरच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये संत्रं सोललं आणि त्या वासासरशी जुन्या सक्करदरा वस्तीतलं एमिलीबाईंचं अंगण आठवलं.

परदेशातून आलेल्या एमिलीबाई क्वेकर या साधेपणा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, तिथे आमच्या शेजारी राहायच्या. दोन-चार सुती साड्या आणि वेताच्या सारख्याच खुर्च्या, एवढाच त्यांचा पसारा. एका दुपारी मी त्यांच्याकडे संत्री खात बसले होते. गल्ली झाडणारी कौसल्या पाणी मागायला फाटकाशी आली. एमिलीबाई उठून म्हणाल्या, "अहो, आत या ना. बसा."

कौसल्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"मले म्हनून राहिल्या का बाई?" ती हसायलाच लागली. "मले कोनी अहो नाही म्हनत जी. अगं म्हना."

"ते नाही जमणार," एमिलीबाई अडखळत्या मराठीत म्हणाल्या. "देवाचा अंश सगळ्यांत आहे, असं आम्ही मानतो. मग एकीतल्या देवाला अहो आणि दुसरीतल्या देवाला अगं कसं म्हणू?"

आणि टोपलीतलं सगळ्यात चांगलं संत्रं निवडून त्यांनी तिच्या हातात ठेवलं. आम्हा बाकीच्यांच्या घरांतून तिला मिळायची ती मऊ पडलेली.

तेव्हा मला वाटलं, परदेशी बाई, मराठीतले बारकावे कुठून कळणार! आता वाटतं, ते कळले होते फक्त त्यांनाच.

फ्लॅटचं दार उघडंच होतं. जिना पुसणाऱ्या रेखाताई बाहेर दिसल्या. मी म्हटलं, "अहो, आत या. बसा, संत्रं घ्या."

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं.