आतून पांढरी पडलेली काच

प्रथम घटनाक्रम. सोमवार, सकाळची वेळ: घड्याळे दुरुस्त करणारे माझे मित्र यासीनभाई यांचे दुकानातच, बसल्या जागी, हृदय बंद पडून निधन. त्यानंतरचा दुसरा शुक्रवार: त्यांनी घडवलेली सात छोटी प्लॅस्टिकची विमाने त्यांच्या लेखी इच्छेनुसार बीडमधील एका वाचनालयाच्या स्वाधीन, पोचपावती माझ्याकडे आहे. पुढचा बुधवार: एका विमानाची, वैमानिकाच्या जागेवरची काच उचलून कोणीतरी आत बोट घातले आणि वैमानिकाने धरायचा दांडा मोडला. गुरुवार: त्याबाबत वाचनालयास पत्र. शनिवार: सातही विमानांच्या काचा गोंदाने चिकटवण्यात आल्या. रविवारी वाचनालय बंद. सोमवारी सकाळी सातही काचा आतल्या बाजूने पांढऱ्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी, यासीनभाईंच्या पत्नी जुबेदाभाभी मोतीबिंदूचे ऑपरेशन करून सातवे विमान पाहण्यास आल्या, आणि त्यांना काहीही दिसले नाही.

जबाबदार व्यक्ती तीन. पहिले, वाचनालयाचे कार्यवाह, ज्यांनी आदेश दिला. दुसरे, तेथील ग्रंथपाल, ज्यांनी समोरच्या टपरीवरून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणली. तिसरे नाव मी योग्य ठिकाणी देईन, टाळणार नाही.

यासीनभाईंची आणि माझी ओळख एका नोटिशीने झाली. मी दिवाणी न्यायालयात अधीक्षक होतो. हाताने चावी द्यायचे माझे घड्याळ त्यांनी आठ दिवसांत देण्याचे कबूल केले होते. नवव्या दिवशी मी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. दहाव्या दिवशी ते स्वतः घड्याळ घेऊन माझ्या दारात उभे राहिले. नोटीस त्यांच्या दुसऱ्या हातात होती. म्हणाले, "वकीलसाब, माझं दुकान तुमच्या खिडकीतून दिसतंय. नुसती हाक मारली असती तर पोस्टमनची तंगडतोड वाचली असती की." मी वकील नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितले आणि पुढेही अनेकदा, एकदा तर लेखी, कळवले. त्यांनी शेवटपर्यंत दुरुस्ती केली नाही. घड्याळ मात्र अजून बिनचूक चालते. निवृत्तीनंतर रोज अकरा वाजता मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसू लागलो. शेजारचे फळवाले विचारत, "आज कुणाला नोटीस, साहेब?" आणि यासीनभाई मान वर न करता म्हणत, "तुलाच हाय. परवाची पपई कच्ची निघाली."

विमानांचा विषय त्यांच्याकडे दुरुस्तीच्याच वाटेने आला. हवाई दलातून निवृत्त झालेले मेकॅनिक दराडे यांच्या घरातले एक प्लॅस्टिकचे विमान कपाटावरून पडून त्याची काच निखळली होती. नाजूक काम म्हणून ते घड्याळजीकडे घेऊन आले. काच बसवण्यापूर्वी यासीनभाईंनी सवयीने डोळ्याला भिंग लावले आणि आत पाहिले. आत काही नव्हते. बसायच्या जागी एक खुंटी होती, बस. ते कितीतरी वेळ त्या खुंटीकडे पाहत राहिले. मग दराडेंना म्हणाले, "साहेब, ह्यात माणूस बसणार कुठं? एवढं मोठं विमान बनवलं आन पायलटला खोलीच न्हाई?" दराडे हसले, सोडून द्या म्हणाले. यासीनभाईंनी सोडले नाही. चार दिवसांनी त्या विमानात एक खुर्ची होती, खुर्चीला पट्टे होते आणि समोर काटे असलेली तबकडी होती. दराडेंनी भिंगातून पाहिले आणि उठून उभे राहिले... मग पुन्हा बसून पुन्हा पाहिले.

तिथून पुढे सात विमाने झाली. पुण्याहून खोकी येत. भाग जोडण्यात त्यांना विशेष रस नव्हता. पंख, चाके, रंग हे सगळे ते कर्तव्य म्हणून उरकत. जीव होता तो त्या खोलीत. प्रमाण बहात्तरास एक, म्हणजे सहा फुटांचा माणूस तिथे एक इंचाचा होतो आणि त्याच्यासमोरची तबकडी मोहरीहून लहान. ती तबकडी ते आधी पांढरी रंगवत, वर काळा रंग देत आणि मग सुईच्या टोकाने काळा रंग खरवडून खालचा पांढरा काटा उघडा करत. त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, की तबकडीला काच बसली. खुर्चीचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटामागच्या चंदेरी कागदाचे. त्यांची बक्कले निकामी घड्याळांतल्या केसासारख्या स्प्रिंगची. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात, तिचा तुकडा मेणबत्तीवर धरून ताणला की दोऱ्यासारखा बारीक होतो. त्याचे दांडे आणि खटके. त्यांचे मेहुणे परळीला असतात. ते दर ईदेला तंबाखूच्या डबीत औष्णिक वीज केंद्राची राख घेऊन येत. ती राख कुंचल्याच्या एका केसाने खोलीच्या जमिनीवर, पायलटच्या टाचा टेकतात नेमक्या तिथे, लावली जाई. मी विचारले, हे कशाला? म्हणाले, "माणूस बसला आसंल तर पायाला मातीबी लागून आली आसंल. साफ खोली म्हंजे रिकामी खोली."

या कामावर माझा आक्षेप होता आणि तो मी नोंदवला. काच बसवल्यावर यातले दहा भागांतले नऊ भाग दिसत नाहीत. जे पाहणाऱ्याच्या समोर येत नाही, ते करण्याचे प्रयोजन काय? न्यायालयासमोर जे मांडले जात नाही, ते न्यायालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. यासीनभाईंनी चिमटा खाली ठेवला. "वकीलसाब, तुमची घडी तुमी कधी उघडून बघितली का?" मी नाही म्हणालो. "मग मी आत कचरा ठेवला आसता तर तुमाला कळलं आसतं का?" घड्याळ बंद पडले असते तेव्हा कळले असते, असे मी उत्तर दिले. "हां," ते म्हणाले, "माझं विमान उडतच न्हाई, म्हणून तर मलाच ध्यान ठेवाया पायजे." या युक्तिवादातील दोष मला तेव्हा दाखवता आला नाही. आजही येत नाही.

काच ते कधी चिकटवत नसत, नुसती बसवत, म्हणजे उचलून आत पाहता यावे. खोक्यातली काच जाड असते आणि आतले वेडेवाकडे दाखवते, अशी त्यांची तक्रार. म्हणून स्वतःची करत. कडुलिंबाच्या लाकडाचा साचा कोरायचा, मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण शेगडीवर मऊ करायचे आणि साच्यावर दाबायचे. भाभी ओरडत, "ह्यांच्यापायी घरात एका डब्याला झाकण न्हाई!" सातही साचे नंबर घालून खणात ठेवलेले आहेत. एकदा मी सुचवले, की या काचा पडून हरवतील, त्या चिकटवून का टाकत नाही? ते म्हणाले, "चिकटवायचीच झाली तर दुधासारखा पांढरा गोंद लावायचा, तो वाळला की साफ होतो. तो टपरीवरचा झटपट गोंद काचेजवळ आणायचाच न्हाई. त्याची वाफ आत कोंडती आन काच आंधळी व्हती. आतून व्हती, पुसता बी येत न्हाई." हे त्यांनी मला सांगितले होते. वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

सातवे विमान दोन जणांचे होते, पुढे एक आणि मागे एक बसणारे. त्याला कारण भाभी. एका दुपारी डबा घेऊन आल्या असता त्या म्हणाल्या होत्या, "दिवसभर त्या खोलीत डोकं घालून बसता. मला बसाया जागा ठिवली का तिथं?" फळवाले मोठ्याने हसले. यासीनभाई हसले नाहीत. पुढच्याच महिन्यात दोन बैठकांचे खोके मागवले गेले. भाभींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भिंग लावूनही त्यांना आतले काही दिसले नसते. ते म्हणत, "तुझं ऑपरेशन होऊ दे, मग दाखवतो. तवर मला बी वेळ मिळंल." विमान पूर्ण झाल्यावर शनिवारी त्यांनी काच उचलून भिंग माझ्या हाती दिले. पुढची बैठक मी पाहिली, मागचीही पाहिली. मी भिंग त्यांना परत दिले. सोमवारी अकरा वाजता मी दुकानात गेलो तेव्हा फळवाले दारात उभे होते आणि यासीनभाई खुर्चीत बसलेले होते. भिंग डोळ्याला तसेच होते.

दुकान भाड्याचे होते, ते रिकामे करायचे होते. लेखी इच्छा काहीही असो, सातवे विमान घरी ठेवा, असे मी भाभींना म्हणालो. त्या म्हणाल्या, "घरात लेकरं हायत, मोडंल. तुमी समदी संगच ठिवा. डोळे झाले की मी तिथंच येऊन बघंन." म्हणून मी सात विमाने वाचनालयात मोजून दिली. त्यानंतर दांडा मोडला, मी पत्र लिहिले आणि काचा चिकटल्या.

त्या मंगळवारी भाभी काळा चष्मा लावून आल्या. यासीनभाईंचे भिंग रुमालाच्या टोकाला बांधलेले होते. ग्रंथपालांनी सातवे विमान टेबलावर ठेवले आणि ते खिडकीकडे जाऊन उभे राहिले. काचा पांढऱ्या पडल्याचे मला कोणी कळवले नव्हते; मीही तेव्हाच पाहिले. मी काही बोलण्याआधी भाभींनी चष्मा काढून भिंग डोळ्याला लावले, नवऱ्याला हजारदा पाहिले होते अगदी तसे, भुवई आवळून. पुष्कळ वेळ पाहिले. मग भिंग काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा वार वाचला, मोठ्याने: "मंगळवार." पुन्हा भिंग लावले. मग हळू आवाजात मला विचारले, "भाईसाब, क्यालेंडर साफ दिसतंय. हितंच धुकं कावून हाय? माझा डोळा बिघडला का?"

मी म्हणालो, "डोळा ठीक आहे, भाभी. काच बिघडली आहे."

"कुणी बिघडवली?"

आयुष्यभर मी लोकांकडून उत्तरे मागितली. त्या दिवशी उत्तर माझ्याकडे मागितले गेले. मी म्हणालो, "चौकशी करतो."

चौकशी केली. वाचनालयास पत्र पाठवले आणि या वेळी उत्तर विलक्षण तत्परतेने आले. त्यासोबत माझ्याच गुरुवारच्या पत्राची प्रत होती. तिच्यातले एक वाक्य लाल शाईने अधोरेखित केलेले होते: 'सर्व काचा तातडीने व कायमस्वरूपी चिकटवून टाकण्यात याव्यात, अन्यथा पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल.' कार्यवाहांनी कळवले, की आपल्या सूचनेचे तंतोतंत पालन झाले आहे. विमाने आता जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या कायम वस्तूंच्या यादीत, दाखल असल्याने त्यांचा कोणताही भाग कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय काढता येणार नाही. आणि कार्यकारिणीच्या बैठकीचा दिवस अद्याप ठरलेला नाही.

तेव्हा तिसरे नाव माझे आहे. कोणता गोंद वापरू नये, हे त्या दोघांना ठाऊक नव्हते. मला होते. माझ्या पत्रात दीड पान संताप होता, दोन कलमांचे उल्लेख होते, आणि दुधाळ गोंदाचे एक वाक्य नव्हते. इतरांच्या अर्जांतील राहून गेलेली वाक्ये दाखवण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली. भाभींच्या घरी जाऊन मी हे सांगितले आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमी रागात लिवता. ते म्हणायचे, वकीलसाबनं एक दिवस थांबून लिवलं तर लई चांगलं लिवतील." हे पत्र नव्हे, म्हणून या लेखासाठी मी एक दिवसाऐवजी नऊ दिवस थांबलो आहे. राग कमी झालेला नाही.

वस्तुस्थिती अशी, की दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. सातव्या क्रमांकाचा लाकडी साचा माझ्या टेबलावर आहे. लिहिताना तो मी कागदावर वजन म्हणून ठेवला आहे. मिठाईच्या डब्याचे झाकण भाभींनी स्वतःहून दिले. दराडे पांढरी काच कडेने कापून नवी बसवण्यास तयार आहेत, आणि त्यांचा हात अजून स्थिर आहे. वाचनालयाचे काहीही नुकसान होणार नाही. हवी आहे ती केवळ परवानगी.

मागच्या बैठकीवर यासीनभाईंनी काय ठेवले आहे, हे माझ्या माहितीप्रमाणे आज जिवंत माणसांपैकी फक्त मी पाहिले आहे. पुष्कळांनी मला विचारले. भाभींनी विचारले नाही. मी ते येथे लिहिणार नाही, कारण ते ज्यांच्यासाठी केले आहे त्यांना ते ऐकीव पुराव्यावर मिळू नये.

म्हणून कार्यवाहांस माझी मागणी आहे. माझ्या जबाबदारीचे उत्तर मी या पानावर, सर्वांसमक्ष दिले आहे. आपण आपले उत्तर मला खासगी पत्राने पाठवू नये. मी ते उघडणार नाही. वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या सहीनिशी, एकच गोष्ट जाहीर करावी: ती काच कोणत्या दिवशी निघणार? भिंग अजून भाभींच्या रुमालाला बांधलेले आहे. आपण वार सांगा, तो त्या स्वतः वाचतील.