धूर नव्हता, तरी मी गप्प बसले

मंडळी, सांगतेय मी, लिहितेय नात सना. मला अक्षर येत नाही आणि हिचं मराठी लंगडं, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा मुलगा इक्बाल पाच महिने घरी आहे. नोकरी गेली, तसं बोलणंही गेलं. मत्रह बंदराच्या एका गोदामातून त्यानं भंगारातली टू-स्ट्रोक स्कूटर आणली आणि इथे आखातात, सहम गावी, अंगणात तीच घेऊन बसला. मुंबईहून पिस्टन मागवला, सीट रुंद केली, निळा रंग दिला. बायकोकडे इतकं बघितलं असतं तर ती धन्य झाली असती.

आज सकाळी स्कूटर सुरू झाली. इक्बाल हसला. "अम्मा, बघ, धूर पण नाही!"

रत्नागिरीला आमच्या यांच्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मीच मापून ओतायची. ऑइल असलं की थोडा तरी धूर येतोच. इक्बालनं कारसारखं नुसतंच पेट्रोल भरलं होतं, इंजिनाला ऑइल नव्हतंच.

पण पोरगा पाच महिन्यांनी हसला होता. म्हटलं, एक फेरी मारून येऊ दे, मग सांगते.

तासाभरानं स्कूटर ढकलत आला. इंजिन तापून जाम झालं होतं. भिंतीला टेकून बसला. "खलास, अम्मा. मला काहीच धड जमत नाही."

मी चहा पुढे केला. ऑइलचं तेव्हाही सांगितलं नाही.

आत्ता सना थांबलीय. "दादी, अब्बा हे वाचतील."

वाचू दे. तोंडावर सांगायला माझी जीभ उचलत नाही.

तुम्ही असता तर ते हसू मोडलं असतं का?