अकोला, म.प्र.

आमच्या अमरावतीच्या गल्लीत मागच्या महिन्यात बातमी पसरली की उत्तमराव टेलरनं शकुनबाईंच्या बापाचा कोट बदलला. अस्सल लोकरीचा ठेवून घेतला आणि कुणाचातरी जुना परत दिला.

खोटं आहे. कोट तोच होता. आणि बातमी कुणी पसरवली हेही मला माहीत आहे, कारण तोंड माझंच होतं.

उत्तमराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे शब्द नाकातूनच येतात. नकलेला असा माणूस मिळणं म्हणजे लॉटरी! तिवश्याच्या शकुनबाईंनी बापाच्या लग्नातला कोट त्यांच्याकडे आणला होता. भाचा नितेश तो आपल्या रिसेप्शनला घालणार होता. उत्तमरावांनी फाटकं अस्तर उसवलं, तर आत जुनं लेबल निघालं. ते त्यांनी नव्या अस्तरावर नीट शिवून दिलं: 'सुदर्शन टेलर्स, अकोला, म.प्र.'

नितेशनं वाचलं. "आत्या, अकोला कधीपासून एम्पीत गेलं वं? हा आपला कोट नाई."

मी तिथेच होते. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या हर्षाच्या हळदीत मी ओढणीची पिन दातात धरली आणि नाकातून सुरू केलं, "कोट तोच हाय, बाई. फकत मंधात एम्पीले जाऊन आला!" बाया हसून हसून लोळल्या.

दुसऱ्या दिवशी दोघींनी उत्तमरावांकडचं न शिवलेलं कापड परत नेलं. पन्नास वर्षांच्या दुकानात असं पहिल्यांदा झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. तोंडात टाचण्या नव्हत्या.

"आचल, माया आवाज मस्त काढतं म्हनते. मले बी ऐकव ना."

लाज लपवायला मी उलट चढले, "पण काका, लेबल तर एम्पीचंच हाय!"

"पोट्टी, छप्पन सालापर्यंत आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातच होता. नोव्हेंबरात राज्य बदललं, तवा माया बापानं बी त्याच्या दुकानातली 'म.प्र.'ची उरलेली लेबलं चुलीत टाकली. म्हंजे कोट छप्पनच्या आतला. शकुनबाईच्या बापाचं लगन पंचावन्नचं. जुळते का नाई?"

"काहीही! लावा शर्त."

"लाव. मी हरलो तं मशीन इकतो. तू हरली तं जिथं जिथं माया आवाज पोचला, त्या दर घरी जाजो अन् तुया आवाजात खरं सांगजो. पह्यले घरी जाऊन तुया आबाची शाळेची टी.सी. पाय."

आबांच्या पेटीत ती सापडली. सन १९५५. खुशालराव, इयत्ता चौथी पास. खाली शाईत, जिल्हा अमरावती, मध्यप्रदेश.

शकुनबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आता उत्तमरावाले कोन्या तोंडानं भेटू मी?"

मग मी दारोदार निघाले. पहिलंच घर हर्षाचं. मी सगळं सांगितलं, टी.सी.चा फोटो दाखवला. हर्षाची आई चहा गाळता गाळता म्हणाली, "बरं बाप्पा, कोट तोच. पण ते नाकातून बोलून सांग ना वं, अशी मजा नाई येत."

"नाई काकू," मी म्हटलं, "शर्त हरली मी."

अजून अकरा घरं होती.